पिवळ्या फरशीचं फूल

बोरमाळवाडीच्या नव्या दवाखान्याच्या गेटाशी जीप थांबली तेव्हा प्रतिभानं आधी काठी खाली टेकवली, मग पाय, आणि मग छातीशी झोळीत बांधलेल्या रुद्रचं डोकं तळव्यानं झाकून ती अलगद उतरली. मागून तिच्या सासूबाई उतरल्या, भामाबाई. माणसं काय कांद्याच्या गोणी हायेत का, असं जीपवाल्याला सुनावलं आणि एकदम गप्प झाल्या. आज त्यांनी गप्प बसायचं ठरलेलं होतं.

झालं होतं ते असं. सतीशला, प्रतिभाच्या नवऱ्याला, कुरकुंभच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. दौंडला भाड्याची खोली बघून झाली होती. पण तो शिफ्टला गेला की खोलीत उरणार प्रतिभा आणि अडीच महिन्यांचा रुद्र. प्रतिभाला जन्मापासून दिसत नाही. भामाबाईंचं म्हणणं होतं, तुम्ही दोघं जावा, पोर चालायला लागेस्तोवर निमोण्याला माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. यात दुष्टावा असता तर प्रतिभा भांडली असती. पण भामाबाई हे सगळं तिच्या डोक्याला तेल लावता लावता म्हणायच्या, आणि तेलाचा हात डोक्यावर असताना माणूस भांडणार कसा?

तरी एकदा ती बोललीच. "आत्याबाई, पुढच्या डोसाला मी एकटी नेते त्याला."

भामाबाईंचा हात थांबला. "एकटी? मग ऐक. गेटापासनं सुईपर्यंत आन् सुईपासनं गेटापर्यंत. मधी कुणी हाताला धरायचं न्हाई. मी गेटावर बसंन, तोंडातनं शब्द काढायची न्हाई. जमलं तर जा पोर घिऊन दौंडला. न्हाई जमलं तर पोर माझ्याकडं."

प्रतिभा हो म्हणून बसली. नंतर तिला वाटलं, ही काय अट झाली? नव्या जागी डोळस माणूससुद्धा दहा जणांना विचारतो, हाताला धरून नेतं कुणी कुणी. पण शब्द तर गेला होता.

गेटाच्या कडेला पेरूचा वास येत होता आणि प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं फडफडत होता. "भामे, ये गं, बस गोणपाटावर," तिथली पेरू विकणारी बाई म्हणाली. ती रंगूबाई, भामाबाईंच्या माहेरची. "सून कुठं निघाली एकटीच?"

"गप. मी आज बोलायची न्हाई."

"तू? आन् बोलायची न्हाई? घसा दाखवाय आलीस व्हय डॉक्टरला?"

प्रतिभा हसू दाबत पुढं झाली. गेटाच्या आत काठीचं टोक गुळगुळीत फरशीवरून सरकत गेलं आणि अचानक खडखडलं. तिनं पाय पुढं टाकला. चपलेच्या पातळ तळाखाली गोल गोल उंचवटे लागले. त्यापुढं लांबट पट्ट्या, एकाला एक लागून, सरळ आत जाणाऱ्या.

ती जागीच थबकली. ही फरशी तिच्या ओळखीची होती. पुण्याला अंध मुलींच्या शाळेत असताना बाई त्यांना स्टेशनवर नेऊन हीच फरशी पायानं वाचायला शिकवायच्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा. गोल ठिपके म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे, वळण, पायरी नाहीतर दार. पण बोरमाळवाडीत? जिथं जीप यायला तासभर लागतो तिथं? परक्या गावच्या बाजारात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं तिला झालं. "रुद्र, ऐकलंस का, आपल्याला वाट टाकलीय इथं," ती झोळीत पुटपुटली. रुद्र झोपेत चुटचुट करत होता.

पट्ट्यांवरून ती निघाली. थोड्याच वेळात ठिपके लागले. ती थांबली, काठी फिरवली. पुढं पायरी नाही, भिंत नाही, दार नाही. मोकळी हवा. काठी डावीकडं नेली तर तिथं पुन्हा पट्ट्या. त्यांवरून गेली तर पुन्हा ठिपके, आणि या वेळी भरपूर, ओंजळभर सांडल्यासारखे. पुन्हा शोधलं, पुन्हा काही नाही. पुन्हा पट्ट्या, जरा वाकड्या. ही फरशी असं तुटक का बोलतेय, तिला कळेना. इकडं काय आहे? झाड? पाण्याची टाकी? वाट लावणाऱ्याच्या मनात आहे तरी काय?

आणि एकदम समोरून आवाज आला, "पेरू घ्या, गोड पेरू!"

ती गेटाशी परत आली होती.

गोणपाटावरून खोकला आला. भामाबाई बोलायच्या नसल्या की खोकायच्या, आणि या खोकल्याचा अर्थ सरळ होता, बघ, म्हटलं हुतं ना मी.

प्रतिभाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. क्षणभर तिला वाटलं, संपलं. पण मग तिच्यातली शाळकरी पोरगी जागी झाली, जी गणित चुकलं तर आधी पुस्तकातलं उत्तर तपासायची. आपला पाय एकदाही फरशीवरून उतरला नव्हता. म्हणजे आपण चुकलो नाही. वाटच इथं परत येते. दवाखान्यात नेणारी वाट माणसाला गेटावर परत का आणून सोडेल?

ती पुन्हा आत निघाली.

या वेळी तिच्या पुढं कुणीतरी चालत होतं. अनवाणी, सावकाश, मोठ्यानं श्वास घेत. तिच्या काठीची चाहूल लागताच ते म्हातारं माणूस बाजूला झालं. "या, या. पर ताई, चपला काढा की. चपला घालून काय गुण यायचा?"

"कसला गुण, आप्पा?"

"ॲक्युप्रेशर! तळपाय दाबलं जात्यात ह्या गोट्यांनी. मी मारुतराव, रोज सकाळी येतो. माझी शुगर उतरली. सरकारनं खास बांधलंय की ह्ये."

हसू फुटू नये म्हणून प्रतिभानं ओठ आत घेतले. मग तिला वाटलं, का नको? चपला काढून तिनं पिशवीत टाकल्या. उन्हानं फरशी कोमट झाली होती. आणि अनवाणी पायांना जे कळलं ते चपलेतून कळलंच नव्हतं. ठिपके नुसते सांडलेले नव्हते. आत निमुळते होत जाणारे त्यांचे घोस होते, एकासारखा एक, गोलात मांडलेले. दोन घोसांच्या मध्ये पट्ट्यांचा देठ. ती एका घोसाच्या कडेनं पाय घासत गेली, टोकाशी वळली, परत आली. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या.

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "हे फूल आहे!"

पुढं कुठंतरी छिन्नीचा आवाज चालला होता तो थांबला. "आवडलं का ताई?" एका तरण्या माणसाचा आवाज आला, खुशीत. "म्या काढलंय. बिरदेव, फरशीवाला. आत बेसिनच्या फरशा बदलाय आलोय. तुमाला... म्हंजी तुमाला न दिसता बी कळलं?"

"पायाला कळलं. पण दादा, इथं फूल का काढलंत?"

बिरदेवनं हा प्रश्न शाबासकी समजून घेतला. "आता काय सांगू. दोन जातीची पिवळी फरशी आली हुती, लायनीची आन् ठिपक्याची. सोबत कागद न्हाई, काय न्हाई. ठेकेदार म्हनला, गेटापासनं आत पिवळी पट्टी मार. मारून बघितली. कसं रुक्ष दिसाय लागलं. म्हनलं, सरकारी असलं म्हणून काय झालं, गावचा दवाखाना हाय. मग झेंड्याच्या खांबाभवती फूल काढलं. ठिपक्यांच्या पाकळ्या, लायनीचे देठ. नव्यानं लगीन झालेली जोडपी फोटो काढाय येत्यात, विचारा आप्पांना."

"येत्यात," मारुतराव म्हणाले. "माझ्या चालण्याचा खोळंबा हुतो."

प्रतिभाला बिरदेवचा आवाज आवडला होता. सांगावं कसं, तिला सुचेना. मग तिनं सरळ सांगितलं. "दादा, ही फरशी आमच्यासाठी असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. लाइन म्हणजे चाल. ठिपके म्हणजे थांब. तुमच्या फुलावर फरशी मला म्हणाली, चाल, थांब, थांब, चाल, थांब. आणि शेवटी गेटावर नेऊन सोडलं."

 जवळच चिमणीएवढा आवाज करत झेंड्याची साखळी खांबावर आपटत होती.

"म्हंजी ह्यात बोलणं असतंय व्हय?" बिरदेव म्हणाला. "आन् मला ठाऊकच न्हाई? आठ-धा कामं केली म्या ह्या फरशीची."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही तर ठाऊक कसं असणार?"

"थांबा थांबा. डोळं झाकून बघू का मी?"

"आरं, पडशील," मारुतराव म्हणाले.

पण बिरदेवच्या टाचा फरशीवर घासत निघाल्याही होत्या. "लायन... व्हय, लागती की. लायन... ठिपकं. थांबायचं. आता? आता कुठं जायाचं?" खण्ण! साखळी जोरात वाजली. "आयला! खांब!" पुढच्या क्षणी त्याची खरखरीत, सिमेंटनं भरलेली बोटं प्रतिभाच्या कोपराला चाचपडत आली आणि घट्ट धरून बसली. "ताई, सोडू नका. गरगराय लागलं."

तेवढ्यात गेटावरून आरोळी आली. "धरला! हात धरला! म्या बघितलं!" भामाबाईंचं गप्प बसणं सकाळपासून साठून साठून एकदम फुटलं होतं.

"अगं भामे, नीट बघ की," रंगूबाईचा आवाज वरचढ होता. "त्यानं तिचा धरलाय. तिनं न्हाई त्याचा धरला."

"धरला तर धरला ना?"

"आन् डोळं कुणी मिटल्यात? त्यानं! आंधळा त्यो झालाय आन् आधार हिचा घेतोय. ह्यात सून कशी हरली तुझी?"

यावर भामाबाईंच्या नुसत्या बांगड्या वाजल्या.

प्रतिभाला आता मनापासून हसू येत होतं, आणि रुद्र तिच्या हसण्यानं झोळीत हलत होता. "दादा, डोळे उघडू नका," ती म्हणाली. "दार कुठं आहे ते मलाही माहीत नाही. पण ऐका. काय ऐकू येतंय?"

"पोरं रडत्यात."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडं... आन् काहीतरी धाडधाड आपटतंय."

"जाळीचं दार आहे. स्प्रिंगचं. कुणी आत गेलं की आपटतं. आणि वास?"

बिरदेवनं जोरात नाक ओढलं. "इस्पिरिट!"

"मग चला तिकडं."

ती पुढं, काठी अर्धगोलात फिरवत, आणि बिरदेव तिच्या कोपराला धरून मागं, असे ते त्याच्या फुलाच्या पाकळ्या तुडवत उजवीकडं निघाले. काठी पायरीवर टणकली तेव्हा प्रतिभा थांबली. पायानं आजूबाजूची फरशी चाचपली. गुळगुळीत. "इथं हवे होते ठिपके," ती म्हणाली. "पायरीच्या आधी."

बिरदेवनं डोळे उघडले असावेत, कारण कोपरावरची पकड सुटली. "इथवर यिऊस्तोवर ठिपक्याची फरशी संपली हुती माझी," तो हळूच म्हणाला.

लसीच्या खोलीत बायकांची, बाळांची, पावडरीची आणि घामाची गर्दी होती. प्रतिभा बाकाच्या कडेला टेकली. रुद्रचं नाव पुकारलं गेलं तशी ती आवाजाच्या रोखानं गेली.

"बाळाबरोबर कोण आलंय?" नर्सनं विचारलं. इतर बाया तिला स्नेहल सिस्टर म्हणत होत्या.

"मी. आई आहे त्याची."

"तसं नाही. म्हणजे बघायला कोण आहे?"

"बघायला कुणी नाही. विचारा ना, मी सांगते."

स्नेहल सिस्टर जरा चाचरली. मग विचारू लागली, आणि प्रतिभा सांगू लागली, मागच्या डोसाला ताप आला होता, दीड दिवस राहिला, उजवी मांडी सुजली होती. कुठली मांडी मोकळी ठेवायची ते विचारून तिनं रुद्रचा पाय एका हातानं धरला, दुसरा हात त्याच्या छातीवर. सुई टोचली तेव्हा त्याचं अख्खं अंग तिच्या तळव्याखाली ताठ झालं आणि मग किंकाळी आली. तिनं त्याला उचलून मानेशी घेतलं, गालाला गाल लावला, त्याच्या कानात काहीबाही बोलत राहिली. त्याच्या अश्रूंची धार तिच्या गळ्यातून खाली गेली.

"ताप आला तर हे औषध," सिस्टर म्हणाली, आणि अडखळली. "पण... तुम्ही मोजणार कसं? ड्रॉपरवर बारीक रेघ आहे."

हाच तो प्रश्न. भामाबाई महिनाभर हाच विचारत होत्या. प्रतिभा पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर बोलून आली होती, पण सिस्टर ऐकेल का, हे तिला माहीत नव्हतं.

"सिस्टर, तुमच्याकडं सुई नसलेली सिरिंज असेल? त्यात माझ्या बाळाला लागतं तेवढं औषध ओढा. मग तिचा दांडा नळीतून जिथं बाहेर येतो, तिथं ब्लेडनं खाच पाडून द्या. मी दांडा ओढत जाईन. नखाला खाच लागली की थांबेन."

 कागदाचं पाकीट टर्रकन फाटलं. ब्लेडचा कुरकुर आवाज आला. "बघा बरं," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजातला दमलेपणा कुठल्या कुठं गेला होता. प्रतिभानं रुद्रला खांद्यावर टाकलं, सिरिंज वाटीतल्या पाण्यात बुडवली, दांडा ओढला. नख खाचेत बसलं.

"बरोब्बर आलं!" सिस्टर म्हणाली. "पुन्हा करा." पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. "अहो, हे मला आधी का सुचलं नाही? पण ऐका, बाळाचं वजन वाढलं की डोस बदलतो. तेव्हा नवी खाच पाडून घ्यायची. आणि रात्री ताप चढला तर कळेल ना?"

"मानेला मागून हात लावते."

"त्यात काय कळायचं राहतंय?" दारातून आवाज आला. भामाबाई कधी आत येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. "आमी मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडायचो तवा कुठं दिवा हुता? सतीशचा ताप म्या अंधारात मानंला हात लावूनच बघितला." मग त्या जवळ आल्या. "ती पिचकारी द्या बघू हिकडं."

त्यांनी दांडा ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. खाचेत नख अडकल्याचा बारीक टक् प्रतिभाला ऐकू आला. मग आणखी एकदा. लहान पोराच्या हातात नवं खेळणं आल्यासारखं चाललं होतं.

"ती रेघ मला बी दिसत न्हाई," भामाबाई एकदम म्हणाल्या, कुणालाच न उद्देशून. "मागच्या डोसाला अंदाजानंच पाजलं म्या. सिस्टर, असली अजून एक करून द्या."

"एक आहे की, आजी. एका घरात दोन कशाला?"

"एका घरात कुठं? एक दौंडला जाईल. एक माझ्यापाशी ऱ्हाईल, पोर सुट्टीला आलं म्हंजी लागंल."

प्रतिभाचा रुद्रच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. तिनं काही विचारलं नाही. विचारलं तर आत्याबाई शब्द फिरवतील असं नाही, पण उगीच कशाला. ब्लेड पुन्हा कुरकुरलं.

बाहेर पायरीशी बिरदेव थांबला होता. "ताई, मागं ठिपक्याची दोन खोकी शिल्लक सापडली. ठेकेदाराला फोन लावलाय, डॉक्टर मॅडमला बी सांगतो. फूल भिंतीकडं सरकवतो, आप्पांना फिराय. पर वाट कुठनं न्यायची ती तुमी चालून दावा. मी मागनं खडूनं रेघ मारत येतो."

प्रतिभानं भामाबाईंच्या दिशेला तोंड केलं. "सुईपासून गेटापर्यंत राहिलंय अजून."

"मग चाल की," भामाबाई म्हणाल्या. "म्या काय धरलंय तुला?"

ती निघाली. पेरूवालीच्या हाकेच्या रोखानं, सरळ. पाठीमागं खडूचा करकर आवाज फरशीवर घासत येत होता, ती वळली की वळत होता, थांबली की थांबत होता. आणि तिच्या पुढं भामाबाई मोठमोठ्यानं माणसं हटवत चालल्या होत्या, "सरका, सरका बाजूला! मोटरसायकल कुणाची हाय ही? काढा! वाटंत लावत्यात व्हय?"

रुद्र हुंदके देत देत शांत झाला होता. गेटाशी येऊन प्रतिभा थांबली तसा खडूही थांबला.

भामाबाई तिच्या शेजारी आल्या. मग त्यांनी झोळीची गाठ उगीचच घट्ट केली.

"प्रतिभा, त्या दौंडच्या खोलीला उंबरा हाय का गं? सतीश काय बोलला न्हाई."

"मलाही माहीत नाही, आत्याबाई."

"आन् चूल... म्हंजी ग्यास, कुठल्या भिंतीला?"

"ते पण माहीत नाही."

"ह्या पोराला काय विचारावं तर ते 'खोली चांगली हाय' एवढंच सांगतंय," भामाबाई करवादल्या. "रविवारी जाऊ आपण दोघी. आधी सगळी चाचपून बघू, मग सामान हलवू."